क्रोक पार्कचे मैदान आणि प्रेक्षक : एका निर्बंधाचा इतिहास

डब्लिन शहराच्या उत्तर भागातील क्रोक पार्क हे आयर्लंडमधील सर्वांत मोठे क्रीडागार होय. ८२,३०० प्रेक्षकांची सोय असलेल्या ह्या वास्तूत गेलिक फुटबॉल व हर्लिंग ह्या दोन देशी खेळांचे अखिल आयर्लंड अंतिम सामने दरवर्षी होतात. ह्या सामन्यांची अखेर पिढ्यान्पिढ्या एकाच रीतीने होत असे. पंचाची शेवटची शिट्टी वाजताच विजयी काउंटीचे लोक कठडे ओलांडून हिरवळीवर उतरत, खेळाडूंना खांद्यावर घेत, आणि हॉगन स्टँडच्या पायथ्याशी दाटी करून उभे राहत. कर्णधार गर्दीतून वाट काढीत स्टँडच्या पायऱ्या चढे, करंडक उंचावे आणि खाली उभ्या असलेल्या आपल्या लोकांस उद्देशून भाषण करी. २०१० साली ही रीत क्रोक पार्कमध्ये बंद करण्यात आली. तिला ‘पिच इन्व्हेजन’, म्हणजे मैदानावरील आक्रमण, हे नाव पडले होते आणि हे नावच निर्बंधाच्या बाजूचा अर्धा युक्तिवाद होते.

येथे एका शब्दाचा खुलासा करावयास हवा. क्रिकेटच्या परिचयामुळे मराठी वाचकास ‘पिच’ म्हणजे यष्ट्यांमधील बावीस यार्डांची पट्टी वाटते. आयर्लंडमध्ये ह्या शब्दाने संपूर्ण मैदानाचा बोध होतो. ‘पार्क’ ह्या नामाचेही तसेच आहे. आयरिश भाषेतील ‘पार्क’ म्हणजे शोभेची बाग नव्हे. शेत, कुरण, मोकळे रान असा त्याचा अर्थ आहे. शेतात शिरणाऱ्या शेजाऱ्यास कोणी आक्रमक म्हणत नाही. तेव्हा आक्रमण म्हणावयाचे तर मैदान कोणाचे, ह्या प्रश्नाचे उत्तर आधी गृहीत धरावे लागते. आणि ते उत्तर कसे बदलत गेले, हाच ह्या निर्बंधाचा खरा इतिहास आहे.

१ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातील हेज यांच्या हॉटेलात मायकेल क्युसॅक, मॉरिस डॅव्हिन आदी मंडळींनी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनची स्थापना केली. कॅशेलचे आर्चबिशप टॉमस क्रोक हे तिच्या आश्रयदात्यांपैकी एक होते. संस्थेची बांधणी पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीवर, करण्यात आली. गावाचा एक क्लब आणि अशा क्लबांतून निवडलेला काउंटीचा संघ, अशी ही रचना आजही टिकून आहे. खेळाडूस वेतन नसते. रविवारी ऐंशी हजार लोकांसमोर खेळलेला मनुष्य लवकरच आपल्या शाळेत, शेतावर किंवा कचेरीत पुन्हा हजर होतो. प्रेक्षकांत त्याचे भाऊबंद असतात, त्याला लहानपणी शिकविणारे गुरुजी असतात, त्याच्याबरोबर क्लबात खेळलेले आणि काउंटीच्या निवडीत मागे राहिलेले सोबतीही असतात. खेळणारा आणि पाहणारा ह्यांच्यामधील अंतर मुळातच इतके थोडे असताना मधला कठडा ओलांडण्यास फारसे धाडस लागत नसे.

तथापि ह्या रीतीचे पूर्वरूप गोजिरवाणे होते असे समजू नये. प्रारंभीच्या दशकांत मैदानाच्या कडेला दोऱ्या ताणलेल्या असत, नाही तर तेही नसे, आणि प्रेक्षक खेळ चालू असतानाच आत सरकत. १८९४ च्या फुटबॉल अजिंक्यपदाचा फेरसामना १८९५ मध्ये थर्ल्स येथे झाला, तेव्हा कॉर्कचे समर्थक मैदानात घुसून डब्लिनच्या खेळाडूंच्या अंगावर गेले. डब्लिनने पुढे खेळण्यास नकार दिला आणि कॉर्क आघाडीवर असूनही अजिंक्यपद अखेरीस डब्लिनकडे गेले. सामना चालू असता रेषेच्या बाहेर राहावयाचे आणि शिट्टी झाल्यावर आत यावयाचे, ही शिस्त ह्या अनुभवांतून घडत गेलेली दिसते. म्हणजे पुढे जो बेशिस्तपणा ठरला, तो एके काळी शिस्तीचाच एक टप्पा होता.

जोन्स रोडवरील ही जागा संस्थेचे एक माजी अध्यक्ष फ्रँक डिनीन यांनी १९०८ मध्ये स्वतःच्या पैशाने विकत घेतली. १९१३ मध्ये संस्थेने ती त्यांच्याकडून ३,५०० पौंडांस घेऊन तिला आर्चबिशप क्रोक यांचे नाव दिले. तिच्या एका टोकास उभ्याने सामना पाहण्याचा जो उतार आहे, तो ‘हिल १६’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. १९१६ च्या उठावात कोसळलेल्या इमारतींच्या मातीदगडांतून तो रचला, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः तो ढीग उठावाच्या आधीच उभा होता आणि त्याचे मूळ नाव ‘हिल ६०’ असे होते. पहिल्या महायुद्धात गॅलिपोली येथील ज्या टेकडीवर आयरिश सैनिक ब्रिटिश सैन्यातून लढले, तिचे हे नाव. स्वतंत्र आयर्लंडला ते रुचेना म्हणून १९३० नंतरच्या दशकात ६० चे १६ झाले, आणि नव्या आकड्यास साजेशी कथा त्याच्या मागोमाग जन्मास आली. स्थळनामांच्या अभ्यासकास असा प्रकार नवा नाही.

ह्या मैदानावर एक आक्रमण मात्र खरोखरच झाले आहे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी सकाळी आयरिश क्रांतिकारकांनी डब्लिनमध्ये ब्रिटिश गुप्तहेरांना ठार केले होते. त्याच दुपारी डब्लिन व टिपरेरी ह्यांच्यामधील फुटबॉलचा सामना सुरू असता पोलीस व त्यांचे निमलष्करी साहाय्यक क्रोक पार्कमध्ये शिरले आणि त्यांनी गर्दीवर सुमारे दीड मिनिट गोळीबार केला. चौदा माणसे दगावली. त्यांत दहा, अकरा व चौदा वर्षांची तीन मुले होती, टिपरेरीचा खेळाडू मायकेल हॉगन होता, आणि पळापळीत चेंगरून मेलेले दोघे होते. ज्या हॉगन स्टँडच्या पायऱ्यांवर करंडक दिला जातो, त्यास हॉगनचेच नाव आहे. ह्यानंतरच्या काळात ह्या हिरवळीवर पाय ठेवणाऱ्या आयरिश माणसाच्या मनात आपल्या जागेत आपण उभे आहोत ही भावना असल्यास नवल नाही. ‘इन्व्हेजन’ हा शब्द त्याच भूमीवर, तिच्याच लोकांस उद्देशून वापरला जावा, ह्यातील विसंगती वापरणाऱ्यांच्या ध्यानी आलेली दिसत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास ही गर्दी अफाट वाढली. १९६१ च्या डाउन विरुद्ध ऑफली ह्या फुटबॉल अंतिम सामन्यास ९०,५५६ प्रेक्षक होते. हा उच्चांक अद्याप मोडलेला नाही. पुढे आसनांची संख्या वाढत गेल्यामुळे तो मोडण्यासारखाही राहिला नाही. ह्या काळात करंडकप्रदानास एका विधीचे रूप आले. कर्णधाराने आयरिश भाषेत आरंभ करावा, ‘हा करंडक स्वीकारताना मला फार आनंद होत आहे’ ह्या अर्थाचे ठराविक वाक्य उच्चारावे, मग इंग्रजीकडे वळावे, असा संकेत रूढ झाला. ज्याला आयरिश भाषेत दुसरे वाक्य रचता येणार नाही असा कर्णधारही हे वाक्य न अडखळता म्हणतो. पाठांतरावर जगणाऱ्या भाषाव्यवहाराचे हे चांगले उदाहरण आहे. १९८० मध्ये गॉलवेने १९२३ नंतर प्रथमच हर्लिंगचे अजिंक्यपद मिळविले, तेव्हा कर्णधार जो कॉनली ह्याने मात्र आयरिशमध्ये मनापासून भाषण केले. ते आयर्लंडमध्ये आजही आठवले जाते. १९९५ मध्ये क्लेअर काउंटीने १९१४ नंतर पहिल्यांदा हर्लिंग जिंकले आणि कर्णधार अँथनी डेली ह्याने पायऱ्यांवरून भाषण केले, तेव्हाही खालची हिरवळ माणसांनी झाकून गेली होती. ह्या भाषणांचा श्रोता दूरच्या आसनांवर बसलेला नव्हता. तो हाताच्या अंतरावर उभा होता, आणि त्या भाषणांतील संबोधनांचा जिव्हाळा ह्या जवळिकीतून आला आहे.

मैदानात उतरण्याचा एक निराळा प्रकार २२ ऑगस्ट १९९८ रोजी पाहावयास मिळाला. क्लेअर व ऑफली ह्यांच्यामधील हर्लिंगच्या उपांत्य फेरीच्या फेरसामन्यात पंचांनी वेळ संपण्यापूर्वी सुमारे दोन मिनिटे आधीच शिट्टी वाजविली. क्लेअर तीन गुणांनी पुढे होते. एका गोलास तीन गुण मिळत असल्यामुळे ही आघाडी दोन मिनिटांत पुसली जाणे अशक्य नव्हते. ऑफलीचे प्रेक्षक मैदानात आले आणि तेथेच बसून राहिले. त्यानंतर व्हावयाचा दुसरा सामना रद्द करावा लागला. संस्थेने पुन्हा सामना घेण्याचे ठरविले. एका आठवड्याने थर्ल्स येथे ऑफलीने तो जिंकला आणि पुढे किल्केनीस हरवून अजिंक्यपदही घेतले. ही बैठक झाली नसती तर फेरसामना मिळालाच नसता असे म्हणता येणार नाही, कारण चूक उघड होती. परंतु आपले गाऱ्हाणे मांडण्याची जागा म्हणून लोकांनी कार्यालयाच्या दाराऐवजी मैदानाचा मध्य निवडला, ही गोष्ट बोलकी आहे.

आता दुसरी बाजू. ती दुबळी आहे असे कोणी समजू नये. मोठ्या गर्दीचा धोका शेजारच्या इंग्लंडने दोन वेळा दाखवून दिला होता. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्ड येथील फुटबॉल मैदानाच्या लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसे मेली. स्टँडपुढे कुंपण नव्हते म्हणून कितीतरी लोकांना मैदानात उड्या टाकून जीव वाचविता आला. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर पुढे पोलादी कुंपण होते, आणि त्यावर चेंगरून झालेल्या जखमांनी ९७ जणांचा जीव गेला. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीस अनुसरून तेथील कुंपणे काढण्यात आली. म्हणजे डब्लिनच्या अधिकाऱ्यांपुढील पेच असा होता की, गर्दीला आत येऊ द्यावे तर खेळाडू व लहान मुले तुडविली जाण्याची भीती. आणि तिला अडविण्यासाठी कुंपण उभारावे, तर संकटकाळी तेच कुंपण सापळा ठरण्याची भीती. लोक आनंदाने येतात, द्वेषाने नव्हे, हे उत्तर पुरेसे नव्हते. उतारावरून धावणाऱ्या हजारोंपैकी एक पडला, तर मागच्यांच्या आनंदाने त्याचे रक्षण होत नाही.

काही वर्षे ह्या पेचातून मधला मार्ग काढण्यात आला. सामना संपत आला की ध्वनिक्षेपकावरून स्वयंसेवकांना अखेरच्या जागा घेण्याची सूचना होई. ह्या स्वयंसेवकाच्या अंगरख्यावर ‘मेर’ हा आयरिश शब्द असतो. लॅटिन ‘मायोर’, म्हणजे वडील किंवा वरिष्ठ, ह्यापासून तो निघाला असून जमीनदाराचा कारभारी, राखणदार अशा छटा त्याने शतकानुशतके वागविल्या आहेत. हे राखणदार कडे करून उभे राहत. आणि गर्दी आवरत नाही असे दिसताच ‘योजना ब’ जाहीर होऊन तिला वाट दिली जाई. पराभव होणार हे धरूनच आखलेली ही योजना होती. लोकांनाही ते कळत असल्यामुळे पहिल्या योजनेस फारसे यश येण्याची शक्यता नव्हती.

२००९ ते २०१२ ह्या काळात संस्थेचे अध्यक्ष असलेल्या क्रिस्टी कूनी यांनी ही रीत बंद करण्याचा आग्रह धरला. त्यांच्या आग्रहास सर्वांत मोठे बळ एका कुरूप प्रसंगाने दिले. ११ जुलै २०१० रोजी लेन्स्टर प्रांताच्या फुटबॉल अंतिम सामन्यात लाउथ शेवटच्या क्षणी एका गुणाने पुढे होते. १९५७ नंतरचे पहिले प्रांतिक अजिंक्यपद त्यांच्या हातात आलेच होते. तेवढ्यात मीथला एक नियमबाह्य गोल बहाल करण्यात आला आणि लाउथ हरले. संतप्त प्रेक्षकांतील काही जण मैदानात धावले. पंचांना धक्के बसले, मार बसला, आणि पोलिसांच्या कड्यातून त्यांना बाहेर न्यावे लागले. पंचांनी पुढे आपली चूक मान्य केली, पण निकाल फिरला नाही. १९९८ मध्ये ज्या हिरवळीवर बसून लोकांनी न्याय मागितला होता, तिच्यावरच बारा वर्षांनी एका मनुष्याचा पाठलाग झाला. रीतीची बाजू घेणाऱ्यांपाशी ह्या दृश्यास उत्तर नव्हते.

त्याच वर्षी हिल १६ च्या पायथ्याशी पारदर्शक कुंपण उभे राहिले. ५ सप्टेंबर २०१० रोजी टिपरेरीने किल्केनीचे सलग पाचवे हर्लिंग अजिंक्यपद हिरावून घेतले, त्या दिवशी जमाव बहुतांशी आपल्या जागी राहिला आणि विजयी संघाने करंडक घेऊन मैदानास फेरी घातली. खेळाडूंना श्वास घेण्यास जागा मिळाली, पराभूतांना निमूटपणे बाहेर पडता आले. हे लाभ खरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तथापि फेरी घालणारा संघ आणि टाळ्या वाजविणारा प्रेक्षक ही जोडी व्यावसायिक खेळांतून आलेली आहे. वेतन न घेणाऱ्या खेळाडूस ती काहीशी उसनी दिसते.

कर्णधाराचे भाषण टिकले, पण त्याचा श्रोता दूर गेला. किती दूर जाऊ शकतो, हे डिसेंबर २०२० मध्ये दिसले. साथीच्या निर्बंधांमुळे दोन्ही अंतिम सामने रिकाम्या क्रोक पार्कमध्ये झाले. लिमरिकच्या आणि डब्लिनच्या कर्णधारांनी करंडक उंचावले, तेव्हा समोर ऐंशी हजारांहून अधिक मोकळ्या जागा होत्या.

क्रोक पार्कबाहेर जुनी रीत मेलेली नाही. प्रांतांतील मैदानांवर सामना संपताच मुले हातात हर्लिंगच्या काठ्या घेऊन आत धावतात आणि खेळाडूंभोवती सह्यांसाठी गराडा घालतात. ११ मे २०२४ रोजी कॉर्क शहरातील मैदानावर कॉर्कने त्या काळी अजिंक्य मानल्या गेलेल्या लिमरिकला दोन गुणांनी हरविले. तो अंतिम सामना नव्हता, करंडकही नव्हता. प्रांतिक स्पर्धेतील एक साखळी सामना होता. शिट्टी वाजली आणि चहूबाजूंनी लोक हिरवळीवर उतरले.