तबकडीचे माप

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने इंदापूरकडे निघाले, की लोणी देवकरच्या परिसरात उजनीच्या फुगवट्याचे पाणी फार दूर राहत नाही. या पट्ट्यातला शेतकरी वर्तमानपत्र उघडतो ते आधी धरणाचा आकडा पाहण्यासाठी. परमुलखातल्या माणसाला तो आकडा चक्रावून टाकील. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. आता भांड्यात उणे पाणी असावयाचे तरी कसे? लोणी देवकरच्या माणसाला मात्र त्यात नवल वाटत नाही. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यांपैकी ६३.६६ टीएमसी मृत, उरलेला ५३.५७ उपयुक्त, आणि शून्य मांडले आहे ते तळाशी नव्हे, तर मृत साठ्याच्या माथ्यावर. शून्य कोठे मांडले हे ज्याला ठाऊक, त्यालाच तो आकडा वाचता येतो.

मला सांगावयाची आहे ती हकीकत मात्र पाण्याची नाही. ती संगणकातल्या तबकडीची, म्हणजे हार्ड डिस्कची आहे. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचे हिशेब असोत की गावातल्या एखाद्या घरची लग्नाची छायाचित्रे असोत, आज ती अशाच तबकडीवर नाही तर तिच्या जागी आलेल्या चिपेवर असतात. ‘हिच्यावर जागा किती?’ हा प्रश्न संगणकाच्या कारभाऱ्याला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला, तबकडी जोडताक्षणीच पडतो. तो विचारण्याचे व उत्तर समजून घेण्याचे काम ड्रायव्हर नावाच्या कार्यक्रमाकडे असते. ड्रायव्हर हा दुभाष्या. दुभाष्याने आकडा चुकीचा ऐकला तर पुढे काय होते, हाच या इतिहासाचा विषय आहे.

आरंभीच्या काळी हा प्रश्नच नव्हता. आयबीएमने १९५६ साली पहिली तबकडी-यंत्रणा आणली, तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि तिच्यावर ५० लाख अक्षरे मावत. यंत्र एकच, मापही एकच. घोटाळा सुरू झाला तो मापे दोन झाल्यावर.

आपल्या वाडवडिलांना हा घोटाळा पुरता परिचयाचा होता. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. रुपयाचे आणे सोळा आणि पैसे चौसष्ट. सारा हिशेब दुपटीचा. १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला, रुपयाचे शंभर भाग झाले, आणि एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होऊ लागले. सव्वा कोणी सुटा द्यावयाचा? आण्याला सहाच मिळत. संगणकाची स्मृतीही स्वभावाने दुपटीचीच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकाच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत, दोन हजार नव्हेत. म्हणून संगणकवाल्यांनी १,०२४ लाच ‘किलो’ म्हणावयास आरंभ केला. तबकडी विकणारे मात्र १,००० लाच किलो म्हणत राहिले. आज दुकानातून एक टेराबाइटची तबकडी आणली, की विंडोजच्या पडद्यावर ९३१ गिगाबाइट दिसतात. बाइट एकही हरवलेला नसतो. हरवलेली असते ती मापाची एकवाक्यता. दुपटीच्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी निराळी नावे १९९८ साली देण्यात आली, पण बाजारात ती फारशी रुळली नाहीत. मौज अशी की १.४४ मेगाबाइटची म्हणून विकली गेलेली फ्लॉपी या दोन्ही मापांत बसत नाही: तिच्यातले मेगाबाइट १,००० गुणिले १,०२४ बाइटांचे आहेत! असो. या भांडणात ग्राहकाची चिडचिड झाली, अमेरिकेत खटलेही झाले, पण कोणाचे लिहिलेले पुसले गेले नाही.

पुसले जाण्याचा धोका दुसरीकडे होता. तबकडीवरची जागा खणांत विभागलेली असते. एक खण बहुधा ५१२ बाइटांचा. खणाचा क्रमांक लिहावयास किती घरे ठेवावयाची, हे ठरवणाऱ्यांनी दर वेळी ‘एवढी पुष्कळ झाली’ असेच म्हटले आहे. तबकडीच्या जोडणीत क्रमांकाला २८ द्विअंकी घरे होती. त्यांत सुमारे १३७ अब्ज बाइटच मावत. त्याहून मोठ्या तबकडीवर लिहिताना जो ड्रायव्हर वरचे अंक मुकाट्याने गाळी, त्याचे लिखाण शेवटी न जाता पहिल्या खणांवर जाऊन पडे. जुन्या स्कूटरचा मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त येथे प्रत्येक फेऱ्यात कोणाची तरी कागदपत्रे पुसली जात. आणि तबकडीच्या आरंभी तर तिची अनुक्रमणिका असते.

२०१० साली ३ टेराबाइटच्या तबकड्या बाजारात आल्या, तेव्हा हाच खेळ ३२ घरांवर झाला. अशा तबकडीत ५,८६,०५,३३,१६८ खण. ३२ घरांत मावतात ४,२९,४९,६७,२९६. जुना ड्रायव्हर एवढे खण विसरून जाई आणि उरलेले १,५६,५५,६५,८७२ तेवढे दाखवी. म्हणजे घरी आणलेल्या तीन टेराबाइटच्या तबकडीवर पडद्यावर ७४६ गिगाबाइट! पुष्कळांनी तबकडी नासकी समजून परत केली असेल. वस्तुतः तबकडी धडधाकट होती, नवा ड्रायव्हर घालताच तीच तबकडी पुरी दिसू लागे.

परंतु मला स्वतःला सर्वांत रोचक वाटते ती चूक एका खणाची.

तबकडीला तिची जागा विचारण्याची एक ठरीव आज्ञा आहे. ती स्कझी नावाच्या जोडणीच्या नियमांतून आली आणि यूएसबीने जोडलेली साधनेही तीच वापरतात. आज्ञेच्या नावात ‘क्षमता’ हा शब्द आहे, पण नियमाप्रमाणे उत्तर द्यावयाचे ते शेवटच्या खणाच्या क्रमांकाचे. खणांची मोजणी शून्यापासून. आपल्याकडे तळमजला धरून चौथ्या मजल्यापर्यंत चढणारी इमारत पाच मजली असते, तसेच हे. ड्रायव्हरने मिळालेल्या क्रमांकात एक मिळवावा म्हणजे खणांची संख्या येते. नाव एका गोष्टीचे आणि मागणी दुसऱ्या गोष्टीची, असे जेथे होते तेथे कोणी ना कोणी फसणारच. काही साधनांच्या कर्त्यांनी क्षमता विचारली म्हणून सरळ संख्याच सांगितली. ड्रायव्हरने नियमाप्रमाणे तिच्यात आणखी एक मिळवला, आणि जो खण जगात नाही तो संगणकाच्या वहीत नोंदला गेला.

एका खणाने काय बिघडते, असे वाचकांना वाटेल. पण तबकडी जोडल्यावर संगणक शेवटच्या खणात आवर्जून डोकावतो, कारण आजच्या पद्धतीत विभागणीच्या नोंदीचा राखीव मथळा तेथेच ठेवलेला असतो. नसलेला खण मागितला की काही साधने निमूटपणे चूक कळवीत, काही मात्र जागच्या जागी गोठून बसत.

लिनक्सच्या ड्रायव्हरकर्त्यांनी यावर केलेला उपाय एखाद्या अनुभवी तलाठ्याला शोभण्यासारखा आहे. त्यांनी विचित्र साधनांची एक यादीच ठेवली. यादीत निकॉनचे कॅमेरे आहेत, ॲपलचे आयपॉडही आहेत. ज्यांच्या नावापुढे खूण, त्यांच्या उत्तरातून एक वजा करावयाचा. पण पुढे असे आढळले, की काही साधनांचे दोन प्रकार बाहेरून अगदी एकसारखे. नाव तेच, क्रमांक तोच, आणि एक खरे सांगतो, दुसरा एकाने वाढवून. यादीचा तेथे उपयोग काय? मग निकॉन, नोकिया, पेन्टॅक्स, मोटोरोला अशा काही कंपन्यांच्या साधनांसाठी निराळी युक्ती योजण्यात आली: आलेली संख्या विषम असेल तर तिच्यावर विश्वास ठेवावयाचा नाही. खरी तबकडी बहुधा सम खणांचीच असते. विषम आकडा म्हणजे कोणी तरी एक जादा मिळवला आहे, असे समजून तो काढून टाकावयाचा.

हा निव्वळ तर्क आहे, आणि करणाऱ्यांनी तो तर्क म्हणूनच ठेवला आहे. सरसकट साऱ्या तबकड्यांना तो लावला असता, तर जिचे खण खरोखरच विषम आहेत तिचा शेवटचा खण नाहीसा झाला असता, आणि त्याबरोबर राखीव मथळाही. म्हणूनच ड्रायव्हरमध्ये आणखी एक खूण ठेवलेली आहे. ती ज्याच्या नावापुढे असेल, त्याचे उत्तर, सम असो वा विषम, जसेच्या तसे लिहून घ्यावयाचे.