मेलबर्नची बुडी आणि ब्रेस्टस्ट्रोकचे नियम

पनवेलच्या तळ्यात काय किंवा कोकणातील एखाद्या विहिरीत काय, लांब बुडी मारणाऱ्याचे कौतुकच होते. ऑलिंपिकमध्ये मात्र ही बुडी नियमबाह्य ठरली.

१९५२ साली हेलसिंकी येथे पुरुषांची २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक शर्यत ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेव्हिसने हात पाण्यावरून पुढे फेकीत २ मि. ३४.४ सेकंदांत जिंकली. ही रीत पुढे ‘बटरफ्लाय’ म्हणून निराळी काढण्यात आली. हातांवर बंधन आले. श्वासावर मात्र आले नव्हते. १९५६ साली मेलबर्न येथे जपानच्या मासारू फुरुकावाने नेमके हेच हेरले. पृष्ठभागावरील लाटांचा विरोध टाळण्यासाठी त्याने बहुतेक अंतर पाण्याखालून कापले. वेळ २ मि. ३४.७ सेकंद, म्हणजे डेव्हिसहून अवघे तीन दशांश सेकंद अधिक!

लवकरच आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने, प्रारंभी व प्रत्येक वळणानंतर हातांचा एक फटकारा वगळता, पाण्याखालील पोहणे निषिद्ध केले. १९६० साली रोम येथे अमेरिकेच्या विल्यम मलिकनला विजयासाठी २ मि. ३७.४ सेकंद लागले. यास अधोगती मानणे चूक होय. येथे पोहण्याचा प्रकारच बदलला होता. १९६४ साली टोकियो येथे ऑस्ट्रेलियाच्या इयन ओब्रायनने याच नियमांखाली २ मि. २७.८ सेकंदांची नोंद केली.