बिनहातच्याचा भागाकार

वॉशिंग मशीनमधल्या चिपला शेवटची सेटिंग लक्षात ठेवायची असते. ती लिहिली जात असतानाच वीज गेली, तर अर्धी जुनी नि अर्धी नवी अशी नोंद मागे राहते. म्हणून नोंदीच्या शेपटाला तिच्यावरूनच काढलेला एक आकडा जोडतात. वीज आली की चिप तोच हिशेब पुन्हा मांडून आकडा जुळतो का ते पाहते. या आकड्याला सीआरसी म्हणतात. अशा चिपपेक्षा, म्हणजे मायक्रोकंट्रोलरपेक्षा, तो वयाने मोठा.

त्याआधी साधी बेरीज करून भागवत. पण दोन बाइटांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच! शिवाय टेलिफोनच्या तारेवर किंवा चुंबकीय टेपवर एखादाच बिट क्वचित बिघडतो. बिघडले की लागोपाठचे बरेच जातात. 1961 साली वेस्ली पीटरसन आणि डी. टी. ब्राउन यांनी यावर तोड मांडली. अख्खी नोंद ही एक लांबलचक बहुपदी समजायची, तिला ठरलेल्या बहुपदीने भागायचे आणि बाकी जपायची. भागाकार शाळेतलाच, फक्त वजाबाकीत हातचा नाही: बिट सारखे असतील तर 0, वेगळे असतील तर 1. बहुपदी नीट निवडली, तर 16 बिटांच्या बाकीतून तेवढ्या लांबीपर्यंतचा कोणताही सलग बिघाड निसटत नाही. खरी गंमत हातचा नसण्यात आहे. त्यामुळे सगळे काम एक शिफ्ट रजिस्टर आणि सारखे-वेगळे पाहणारे मोजके एक्सऑर गेट उरकतात.

प्रोसेसरला मात्र हे जड जाते; दर बाइटला आठ फेऱ्या. त्यावर उपाय पाढ्यांचा: बाइटाच्या 256 किमतींच्या बाक्या आधीच काढून ठेवायच्या. दिलीप सरवटे यांचा 1988 चा लेख या तक्त्याच्या रीतीवरच आहे. पण 32 बिटांच्या बाकीचा तक्ता खातो 1024 बाइट, आणि अर्डुइनो उनो आर3 या छोट्या बोर्डाची रॅम अवघी 2048! मग अर्धा अर्धा बाइट घ्यायचा आणि 16 ओळींच्या, 64 बाइटांच्या तक्त्यावर निभवायचे. एसटीएम32 घराण्यातल्या चिपांमध्ये तर या हिशेबाचे सर्किटच आत बसवलेले असते. म्हणजे गाडी मूळपदावर.

एक खोड मात्र भागाकाराची जन्मजात. शून्याला कशानेही भागा, बाकी शून्यच. नोंद आणि तिची बाकी दोन्ही पुसून शून्य झाली, तरी चिप म्हणणार, सगळे ठीक! म्हणून रजिस्टरमध्ये आधी सगळे 1 भरतात आणि मगच भागायला घेतात.