बोर्डवरचा छोटा लाल दिवा किती वीज खातो?

स्विचबोर्डवर चोवीस तास लागलेला लाल इंडिकेटर तुमच्याही घरात असेल. त्यात एलईडी असेल, तर तिला जेमतेम 2 व्होल्ट लागतात. पण घरात येतात 230 व्होल्ट. मग बाकीच्या व्होल्टचं काय होतं?

सर्वात सोप्या सर्किटमध्ये रेझिस्टर ते अडवतो आणि त्या विजेची नुसती उष्णता होते. 10 मिलिअँपिअर करंट सोडला, तर सुमारे 2.3 वॅट खर्च होतात, म्हणजे वर्षाला जवळपास 20 युनिट. त्यातली एलईडीच्या वाट्याला येते फक्त 1 टक्क्याच्या आसपास!

उपाय काय?

करंट कमी करणं. आजच्या चांगल्या एलईडी 1 मिलिअँपिअरवरही स्पष्ट दिसतात. मग खर्च येतो वर्षाला 2 युनिटवर. जुन्या बोर्डांमधल्या निऑन दिव्यालाही साधारण एवढाच करंट पुरतो. रेझिस्टरऐवजी कपॅसिटर वापरला, तर करंट अडतो, पण उष्णता फारशी होत नाही. मात्र तो थेट मेन्सवर चालण्यासाठीच बनवलेला हवा.

हे लक्षात ठेवा

इंडिकेटर विझला म्हणजे वीज गेली, असं नाही. दिवा स्वतःही खराब होतो. त्यामुळे बोर्ड उघडण्याआधी मेन स्विच बंद करा आणि टेस्टरने तपासा.