गाडी कुणाचं ऐकते?

जानेवारी २००७ म्हटलं की सगळ्यांना आयफोन आठवतो. मला त्याच महिन्यातली दुसरी एक घोषणा आठवते. फोर्ड आणि मायक्रोसॉफ्टने ‘सिंक’ जाहीर केलं. फोन ब्लूटूथने जोडायचा, स्टिअरिंगवरचं बटण दाबून नाव घ्यायचं, की कॉल लागायचा. आलेला मेसेजही गाडी वाचून दाखवायची. मात्र हुकूम ठरावीक शब्दांतच द्यायचे. गप्पा कसल्या, परेडच ती!

खरी अडचण वेगळीच होती. गाडी दहा-पंधरा वर्षं चालते, फोन आपण तीन-चार वर्षांत बदलतो. डॅशबोर्ड म्हातारा होत गेला आणि खिशातला फोन हुशार. २०१४मध्ये ॲपलने कारप्ले आणि गूगलने अँड्रॉइड ऑटो आणलं. डोकं फोनचं, गाडीचे फक्त स्क्रीन, माइक आणि स्पीकर. आपली सोय झाली, पण माझ्या मते गाडीवाल्यांचं गिऱ्हाईक तिथेच हातचं गेलं. रस्ता, गाणी, बोलणं, सगळं फोनवाल्यांकडे.

२०२३मध्ये जनरल मोटर्सने सांगितलं, की पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो नसेल. मग त्याजागी काय? गाडीतच बसवलेलं गूगल.