कापलेली ली-एनफिल्ड आणि ‘मूळ’ रूपाचा प्रश्न

१/९
१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले आणि लक्षावधी .३०३ ली-एनफिल्ड रायफली सैन्याला नकोशा झाल्या. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व अमेरिकेच्या बाजारांत त्या स्वस्तात विकल्या गेल्या. शिकाऱ्यांनी त्या घेतल्या आणि त्यांवर करवत चालवली. आज संग्राहक त्याच रायफली पुन्हा लष्करी रूपात आणू पाहतात. हे कितपत शक्य आहे?

२/९
१९०७ सालची ‘एसएमएलई मार्क ३’ घ्या. बोल्टची रचना स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली यांची, तर ‘एनफिल्ड’ हे नाव लंडनजवळच्या सरकारी कारखान्याचे. मॅगझिनमध्ये १० काडतुसे, वजन सुमारे ४ किलो. लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत पोहोचलेले. तिथे पोलादी टोपी आणि तिच्यावर संगीन बसवण्याची सोय.

३/९
शिकाऱ्याला संगीन नको होती आणि रानात ओझेही नको होते. म्हणून पुढचे लाकूड निम्मे कापले गेले, टोपी फेकली गेली, काहींची नळी आखूड झाली, तर काहींच्या पोलादात दुर्बिणीसाठी छिद्रे पडली. त्या काळी यात कोणालाही काही गैर वाटले नाही. ती जुनी, मुबलक आणि स्वस्त वस्तू होती.

४/९
नुसते लाकूड गेले असेल, तर रायफल पूर्ववत करणे शक्य असते. मात्र नवे लाकूड नुसते चढवून भागत नाही. गोळी सुटताना बसणारा धक्का लाकडाच्या आतील ठरावीक पृष्ठभागांनी पेलायचा असतो. ते नीट टेकले नाहीत, तर लाकूड चिरते आणि नेमही चुकतो. आखूड झालेली नळी मात्र वाढत नाही. ती बदलावीच लागते.

५/९
इथे खरा पेच सुरू होतो. या रायफलीवर राजमुकुट, कारखान्याचे नाव, वर्ष आणि प्रकार कोरलेला असतो. क्रमांक बोल्टवरही असतो, कारण प्रत्येक बोल्ट त्याच रायफलीशी जुळवून बसवलेला असे. टोक टोकाला भिडलेले दोन बाण दिसले, तर ती सरकारी सेवेतून विकली गेली असे समजावे. हे सारे ठसे म्हणजे त्या वस्तूची बखरच होय.

६/९
ती बखर न वाचता केलेली दुरुस्ती फसते. दूरच्या सामूहिक गोळीबारासाठी मार्क ३ च्या डाव्या बाजूस वेगळी नेमपट्टी असे. १९१६ मध्ये आलेल्या ‘मार्क ३ तारांकित’ या सोप्या आवृत्तीत ती वगळली गेली. १९१८ सालच्या तारांकित रायफलीवर ती हौसेने बसवली, तर रायफल देखणी दिसेल, पण इतिहास खोटा ठरेल.

७/९
शिवाय ‘मूळ’ रूप कोणत्या दिवसाचे? सैन्याच्या कार्यशाळांनीच या रायफली वारंवार उघडल्या. नळ्या, लाकूड, नेमपट्ट्या बदलल्या. १९१८ मध्ये घडलेली रायफल दुसऱ्या महायुद्धात लढली असेल, तर तिची दोन्ही रूपे तितकीच अस्सल आहेत.

८/९
भारतातील कथा आणखी वेगळी. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात या रायफली बनत. पुढे तिथेच ७.६२ मिमी काडतुसाची, १२ गोळ्यांच्या मॅगझिनची आवृत्ती निघाली. .३०३ सामान्य नागरिकास निषिद्ध असल्याने परवानाधारकांसाठी त्याच यंत्रणेवर .३१५ रायफल घडवली गेली. तिला लष्करी साज चढवणे म्हणजे पुनरुद्धार नव्हे. ती कधी सैनिक नव्हतीच. उलट, २६ नोव्हेंबर २००८ रोजीही मुंबईच्या पोलिसांकडे .३०३ होत्या.

९/९
म्हणून जाणते संग्राहक आधी ठसे वाचतात, त्याच कारखान्याचे व त्याच काळाचे भाग शोधतात, काय बदलले याची लेखी नोंद ठेवतात आणि जुने काढलेले भाग जपतात. नळी कापलेली असेल, तर कित्येकदा ते तिला हातही लावत नाहीत. युद्धानंतर एखाद्या शेतकऱ्याच्या घरी तिने काढलेली वर्षे हाही तिच्या चरित्राचाच भाग असतो.