एककार्यी यंत्रांचे आयुष्य : बोरघाटातील बँकर इंजिने आणि क्रिप्टो-खनन यंत्रे

प्रस्तावना

बिटकॉइनसारख्या आभासी चलनाच्या खननासाठी जी खास यंत्रे बनविली जातात त्यांचे आयुष्य किती, हा प्रश्न गेल्या दहा-बारा वर्षांत वारंवार विचारला गेला आहे. २००९ मध्ये बिटकॉइन अस्तित्वात आले तेव्हा साध्या संगणकावर खनन होत असे. पुढे चित्रप्रक्रियेसाठी असलेली ग्राफिक कार्डे त्या कामी लागली आणि २०१३ पासून ‘असिक’ या नावाने ओळखली जाणारी, एकच गणिती क्रिया करणारी यंत्रे बाजारात आली. असिक यंत्रावर पत्र लिहिता येत नाही, हिशेब मांडता येत नाही. ते केवळ एसएचए-२५६ ही एक प्रक्रिया करते, मात्र ती अतिशय वेगाने व कमी विजेत करते. अशी यंत्रे कालबाह्य होतील काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा भविष्याच्या अंगाने होते. वास्तविक एकाच कामासाठी घडविलेल्या यंत्रांचा इतिहास जुना आहे, आणि रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांत तो दीड शतकाहून अधिक काळ पाहावयास मिळतो. प्रस्तुत लेखात त्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

घाट आणि त्याची इंजिने

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने बोरघाटाचे काम १८५६ मध्ये हाती घेतले व १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कले होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येताच अल्पावधीत मरण पावले, त्यानंतर त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालविले. सुमारे २५ किलोमीटरच्या या मार्गाने १,८३१ फूट उंची गाठली. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस एक फूट असा आहे. सपाटीवर धावणारे इंजिन येथे अपुरे पडते, म्हणून आरंभापासूनच घाटासाठी वेगळ्या बांधणीची वाफेची इंजिने मागविण्यात आली. गाडीला मागून रेटा देणारी ‘बँकर’ इंजिने जोडण्याची पद्धतही येथे रूढ झाली. कर्जत स्थानकाचे सारे महत्त्व या एका गरजेतून निर्माण झाले. बँकर लागेपर्यंत गाडी थांबते म्हणून फलाटावरील बटाटावड्याची ख्याती झाली, एवढी नोंद येथे अप्रस्तुत ठरू नये.

१९२९ मध्ये कल्याण-पुणे मार्गाचे १,५०० व्होल्ट एकदिश विद्युतप्रवाहावर विद्युतीकरण झाले. त्याच वर्षी खंडाळ्याजवळचे, गाडीची दिशा उलटविणारे स्थानकही नव्या आखणीमुळे इतिहासजमा झाले. वाफेच्या घाट-इंजिनांची जागा ४१ विद्युत मालवाहू इंजिनांनी घेतली. जुळ्या नाकाड्यांची, चाकांना जोडदांडे असलेली ही इंजिने त्यांच्या चमत्कारिक आवाजामुळे ‘खेकडा’ या नावाने ओळखली जात. १९७० पासून चित्तरंजन येथे त्यांची जागा घेणारी डब्ल्यूसीजी-२ जातीची ५७ इंजिने तयार झाली. प्रत्येकाची शक्ती १,६४० अश्वशक्ती असल्याने घाटात तीन-तीन एकत्र जोडावी लागत.

या इंजिनांसंबंधी एक गोष्ट लक्षणीय आहे. भारतीय रेल्वेने २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाची पद्धत १९५७ मध्येच स्वीकारली होती. म्हणजे डब्ल्यूसीजी-२ कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा देशाचे धोरण त्याच्या विरुद्ध दिशेने निघून तेरा वर्षे झाली होती. मुंबई परिसरापुरते उरलेले एकदिश प्रवाहाचे बेट हेच त्याचे सारे जग होते, इगतपुरीपलीकडच्या तारेखाली ते हलूही शकत नसे. हे नियोजनकारांचे अज्ञान मानणे योग्य नव्हे. घाट रोज चढायचा होता, आणि तारा बदलण्याचे काम फार मोठे होते. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील प्रवाह-परिवर्तन २००६ मध्ये कसारा बाजूने सुरू होऊन जून २०१५ मध्ये मुंबईत पूर्ण झाले. एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गही बदलला. इंजिनात बिघाड झाला नव्हता, घाटाचा चढही कमी झाला नव्हता. वरची तार बदलली एवढेच.

याच काळात दोन्ही प्रवाहांवर चालणारी डब्ल्यूसीएएम-३ इंजिनेही वापरात होती. त्यांतील एकदिश प्रवाहाची सामग्री निरुपयोगी झाली, परंतु इंजिने प्रत्यावर्ती प्रवाहावर धावत राहिली. कर्जतला बँकरचे काम आता डब्ल्यूएजी-७ सारखी, देशभर कोठेही चालणारी इंजिने करतात. काम टिकले, त्यासाठीचे खास यंत्र मात्र गेले.

तुलना आणि तिची मर्यादा

या घटनेचे जवळचे साम्य १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाच्या बाबतीत दिसते. त्या दिवशी इथेरियमने खननाची पद्धतच सोडली व ठेवीवर आधारित प्रमाणीकरण स्वीकारले. त्यासाठी घडविलेली असिक यंत्रे जवळजवळ एका दिवसात मुख्य कामाला मुकली. ग्राफिक कार्डांना इतर उपयोग शिल्लक होते. डब्ल्यूसीजी-२ आणि डब्ल्यूसीएएम-३ यांच्यातील फरक तो हाच. बिटकॉइनने मात्र आपली ‘तार’ बदललेली नाही, तेव्हा त्याची यंत्रे त्या अर्थाने सुरक्षित आहेत असे म्हणता येईल.

परंतु येथे तुलना थांबते. बोरघाटाचा ३७ फुटांस एक फूट हा चढ नवे इंजिन आले म्हणून वाढत नाही. बिटकॉइनचा चढ वाढतो. दर २,०१६ खंडांनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, जगातील एकूण यंत्रशक्तीनुसार गणिताची काठिण्यपातळी पुन्हा ठरते. शेजाऱ्याने नवे यंत्र घेतले की आपले जुने यंत्र, पूर्ववत चालत असूनही, कमी कमावते. शिवाय खंडामागील मोबदला ठरावीक काळाने निम्मा होतो. एप्रिल २०२४ मध्ये तो ३.१२५ बिटकॉइनवर आला. २०१६ चे अँटमायनर एस-९ आणि २०२३ चे एस-२१ यांची तुलना केल्यास तेवढ्याच विजेत नवे यंत्र पाचपटीहून अधिक काम करते. डब्ल्यूसीजी-२ इंजिनांना तीन-चार दशके मिळाली ती घाट स्थिर होता म्हणून. असिक यंत्राला हे स्थैर्य लाभत नाही. त्याचे आयुष्य शेवटी विजेच्या दरावर ठरते, म्हणूनच स्वस्त जलविद्युत असलेल्या प्रदेशांत, २०२१ च्या बंदीपूर्वी चीनच्या सिचुआन प्रांतात, ही यंत्रे गोळा झाली.

खोपोलीचा प्रत्यय

जलविद्युतचा उल्लेख आला की खालापूर तालुक्यातील खोपोलीकडे वळणे क्रमप्राप्त आहे. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी घाटाखाली आणून टाटांनी १९१५ मध्ये येथे वीज निर्माण केली; १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र आले. उंचावरून येणाऱ्या पाण्याच्या झोतावर फिरणारे पेल्टन चक्र हेही एककार्यी यंत्रच आहे. खोपोलीची वीज प्रथम मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी होती, आणि गिरण्यांमधील वाफेची इंजिने तिने मागे सारली. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच संपत गेल्या. खोपोली मात्र चालू राहिले, कारण वीज कोणालाही विकता येते. यंत्र किती विशेषीकृत आहे यापेक्षा त्याच्या उत्पादनाला किती गिऱ्हाइके आहेत, हा प्रश्न अधिक निर्णायक दिसतो. असिक यंत्राच्या गणिताला त्या जाळ्याबाहेर एकही गिऱ्हाईक नाही.

कालबाह्यतेचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. ‘खेकडा’ इंजिने निवृत्त झाली तेव्हा तो तोटा सार्वजनिक उपक्रमाच्या हिशेबात सामावला गेला, एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आणि एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात जाऊन बसले. खनन यंत्र घेणारा बहुधा खासगी गुंतवणूकदार असतो. भारतात २०२२ च्या अर्थसंकल्पाने आभासी मालमत्तेच्या उत्पन्नावर ३० टक्के कर बसविला, आणि खननाच्या यंत्रसामग्रीचा खर्च संपादनखर्च म्हणून वजा करता येणार नाही, असे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले. रेल्वेने घसारा धरून चार दशकांत जे फेडले, ते येथे दोन-तीन वर्षांत आणि वजावटीविना फेडावे लागते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी बोरघाट बँकरविना चढते. तिच्या अनेक डब्यांखालीच मोटारी आहेत, त्यामुळे तिला मागून रेट्याची गरज राहिलेली नाही. इंजिनाने ओढल्या जाणाऱ्या इतर गाड्यांना कर्जतला अजूनही बँकर जोडले जातात.